नवऱ्याला जड : चिनी जन्मपत्रिकेतली बाई

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

‘पत्रिका आणि बायका’ या विषयावर बोल, असं मला सांगण्यात आलं. मंगळ, छत्तीस गुण, मूळ नक्षत्र यावर आपण सगळ्याच जणी वर्षानुवर्षं बोलत आलो आहोत. म्हणून आज मी दुसऱ्या एका पत्रिकेबद्दल बोलणार आहे, चीनमधल्या. ती एवढ्या लांबून आपल्या सल्ला केंद्रापर्यंत कशी पोचली, ते आधी सांगते.

काही महिन्यांपूर्वी एक मुलगी आईबरोबर केंद्रात आली. शिकलेली, नोकरी करणारी. लग्न ठरलं होतं, साखरपुड्याची तारीखही निघाली होती. मुलाकडच्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “आम्ही पत्रिका वगैरे मानत नाही.” आईला केवढा आनंद झाला! पण मग मुलाच्या घरच्या कोणीतरी दोघांच्या जन्मतारखा देऊन चिनी पद्धतीचं ‘स्वभाव आणि संबंध’ वाचन करून घेतलं. त्याचे छापलेले चार कागद मुलीच्या घरी आले आणि पाठोपाठ निरोप आला, “जरा थांबू या.”

मुलीने ते कागद माझ्यासमोर ठेवले आणि विचारलं, “ताई, मी खरंच अशी आहे का?”

“लग्न मोडेल का?” असं तिने विचारलं नाही. “मी अशी आहे का?” असं विचारलं. हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी त्या कागदांच्या मागे लागले. ही विद्या नेमकी काय म्हणते, ते नीट समजून घेतलं. ती खोटी आहे एवढंच म्हणून थांबलं, तर आपल्या हाती काही लागत नाही. ती कोणाच्या सोयीने बोलते, हे पाहावं लागतं.

उंदीर, बैल, वाघ, ससा अशी बारा प्राण्यांची बारा वर्षं आपल्या ऐकण्यात असतात. पण पूर्ण चिनी पत्रिका त्याहून मोठी असते. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ असे चार खांब, आणि प्रत्येक खांबाला दोन अक्षरं. अशी आठ अक्षरं, म्हणून तिचं नावच ‘बाझी’, म्हणजे आठ अक्षरं. जुन्या, थांग काळातल्या पद्धतीत जन्मवर्षाला महत्त्व होतं. सोंग काळापासून, शू झिपिंग याच्या नावाने चालत आलेल्या पद्धतीत, जन्मदिवस मध्यभागी आला. जन्मदिवसाचं वरचं अक्षर म्हणजे ‘तुम्ही स्वतः’. त्याच दिवसाचं खालचं अक्षर म्हणजे जोडीदाराचं घर. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी या पाच तत्त्वांपैकी एक तत्त्व तुमच्या दिवसाला मिळतं. बाकीची सगळी नाती त्यावरून ठरतात. लाकूड अग्नीला जन्म देतं, अग्नी मातीला, माती धातूला, धातू पाण्याला आणि पाणी लाकडाला. त्याचबरोबर लाकूड मातीला दाबतं, माती पाण्याला, पाणी अग्नीला, अग्नी धातूला आणि धातू लाकडाला.

इथपर्यंत बाई आणि पुरुष सारखेच. आता खरी गंमत ऐका.

पुरुषाची पत्रिका असेल, तर तो ज्या तत्त्वाला दाबतो ते तत्त्व म्हणजे त्याचं धन. आणि तेच तत्त्व म्हणजे त्याची बायको. पैसा आणि बायको एकाच रकान्यात! पुरुषाला जे तत्त्व दाबतं ते म्हणजे ‘ग्वान’, अधिकारी: सरकार, हुद्दा, पदवी. बाईची पत्रिका असेल तर तिला दाबणारा हा ग्वान म्हणजे तिचा नवरा. चिन्ह तेच आहे. पुरुषाच्या डोक्यावर सरकार आणि बाईच्या डोक्यावर नवरा. लाकडाच्या दिवशी जन्मलेल्या बाईचा नवरा धातू, म्हणजे कुऱ्हाड. लाकडाच्या दिवशी जन्मलेल्या पुरुषाची बायको म्हणजे त्याच्या मुळांखालची माती.

आणखी एक रकाना आहे, तोच सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्यातून जे बाहेर येतं, म्हणजे बोलणं, कला, हुशारी, त्याचंही एक तत्त्व असतं. लाकडातून अग्नी बाहेर येतो, आणि अग्नी धातूला वितळवतो. म्हणजे बाईची बुद्धी आणि वाणी ही तिच्या नवऱ्याच्या तत्त्वावर घाव घालते. या ताऱ्याचं एक नावच ‘शांग-ग्वान’, अधिकाऱ्याला इजा करणारा. पुरुषाच्या पत्रिकेत तो आला तर साहेबाशी पटणार नाही असा धोका सांगतात, पण त्याबरोबर प्रतिभावान, तल्लख असंही म्हणतात. बाईच्या पत्रिकेत तो जोरात असला, तर जुने जाणकार म्हणत आले, नवऱ्याला जड.

आमच्या मुलीच्या कागदांवर नेमकं हेच होतं. तिचा दिवस लाकडाचा आणि पत्रिकेत अग्नी भरपूर. तिच्याबद्दल लिहिलं होतं: फार बोलणारी, हट्टी, जोडीदाराचा मान न राखणारी. मी मुलाचा कागद उलटून पाहिला. त्याचाही दिवस लाकडाचा होता आणि त्याच्याही पत्रिकेत अग्नी भरपूर होता. त्याच्याबद्दल लिहिलं होतं: वाक्चतुर, कल्पक, स्वतंत्र विचारांचा. अक्षरं तीच, आणि एकाचा गुण तो दुसरीचा दोष. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तिलाच मोठ्याने वाचायला सांगितले. तिसऱ्या ओळीला ती हसायला लागली.

आता कोणी म्हणेल, हे जुनं झालं. आजचे पुष्कळ चिनी ज्योतिषी बाईच्या ‘ग्वान’चा अर्थ तिची नोकरी, तिचा हुद्दा असाही लावतात, हे खरं आहे. मला त्यात एक गोष्ट दिसते. बायका नोकरीला लागल्या तेव्हा पत्रिकेचा अर्थ बदलला. म्हणजे तारे समाजाला चालवत नाहीत, समाज ताऱ्यांना बोलायला लावतो.

कागदांवर दुसरं कारण होतं प्राण्यांचं. मुलगा १९९६ चा, म्हणजे उंदीर. मुलगी २००२ ची, म्हणजे घोडा. उंदीर आणि घोडा समोरासमोर, म्हणून संघर्ष. बोटांवर मोजून पाहा. बारा प्राण्यांच्या वर्तुळात समोरचा प्राणी नेहमी सहा वर्षांनी येतो. दोन माणसांच्या जन्मवर्षांत सहाचा फरक असला की संघर्ष, आणि चाराचा असला की उत्तम मेळ. वर्षारंभाच्या आसपासचे जन्म सोडले तर हे गणित चुकत नाही. आपल्याकडे नवरा चार-सहा वर्षांनी मोठा असणं किती सर्रास आहे! त्या हिशोबाने आपल्या आयांपैकी कितीजणींचे संसार नुसत्या वजाबाकीवर मोडायला हवे होते.

चीनमध्ये याचा व्यवहार कसा चालत असे तेही सांगते. जुन्या सहा विवाहविधींपैकी दुसरा विधी ‘नाव विचारणे’. त्यात मुलीच्या जन्मवेळेचा कागद मुलाच्या घरी जाई. पुष्कळ ठिकाणी तो तीन दिवस पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवत. त्या तीन दिवसांत घरात भांडं फुटलं, भांडण झालं, तरी मुलगी अपशकुनी ठरे. भांडं सासरच्यांच्या हातून फुटायचं आणि दोष कधी न पाहिलेल्या मुलीचा. १९५० च्या विवाह कायद्याने चीनमध्ये जबरदस्तीची लग्नं, बालवयातले वाङ्निश्चय आणि रखेल ठेवणं यांवर बंदी आली. समजुती मात्र कायद्याने जात नाहीत. मेंढीच्या वर्षी जन्मलेल्या दहांपैकी नऊजणांचं सुख अपुरं राहतं, अशी एक म्हण तिथे आहे, आणि ती बायकांनाच जास्त ऐकवली जाते.

आता या समजुतीची सगळ्यात मोठी किंमत जिथे आकड्यांत दिसते, तिथे जाऊ. ते ठिकाण जपान. चीनचं हे साठ वर्षांचं चक्र जपाननेही घेतलं. त्यात साठ वर्षांतून एकदा अग्नी आणि घोडा एकत्र येतात. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला खाते, अशी तिथली समजूत. तिला एका मुलीची गोष्टही जोडली गेली. एदो शहरातली, आजच्या टोकियोतली, भाजीवाल्याची मुलगी ओशिची. आगीतून वाचण्यासाठी एका मंदिरात आसरा घेतलेला असताना तिचं एका मुलावर मन बसलं. पुन्हा आग लागली तर पुन्हा भेट होईल, म्हणून तिने आग लावली, आणि १६८३ मध्ये तिला जिवंत जाळण्यात आलं. ती १६६६ सालची, म्हणजे अग्नि-अश्वाची, असं मागाहून सांगितलं जाऊ लागलं. तिचं वय सोळा सांगणाऱ्या कथेशी ते वर्ष जुळतही नाही. एका पोरीच्या वेड्या धाडसासाठी पुढच्या शतकांतल्या मुलींना शिक्षा!

१९०६ हे असंच वर्ष होतं. त्या वर्षीच्या कितीतरी मुलींच्या जन्मतारखा आईबापांनी आधीच्या किंवा नंतरच्या वर्षात नोंदवल्या. त्या लग्नाच्या वयाच्या झाल्या तेव्हा त्यांची लग्नं जमेनात, आणि आत्महत्यांच्या बातम्याही छापून आल्या. होंडा कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा हेही १९०६ चेच. पण अग्नि-अश्वाचा बट्टा पुरुषांना लागत नव्हता.

मग आलं १९६६. तोपर्यंत जपानमध्ये बुलेट ट्रेन धावत होती, टोकियोत ऑलिंपिक होऊन गेलं होतं. १९६५ मध्ये तिथे १८ लाख २३ हजार मुलं जन्मली. १९६६ मध्ये १३ लाख ६० हजार. १९६७ मध्ये १९ लाख ३५ हजार. एका वर्षात चार लाख साठ हजारांहून जास्त जन्म कमी, म्हणजे पाव हिस्सा. जोडप्यांनी संततिनियमन केलं, काहींनी गर्भपात करून घेतले. गर्भलिंगनिदान तेव्हा नव्हतं. मुलगी होईल या भीतीने मुलगेही रोखले गेले. १९६६ मध्ये नवजात मुलींचे अपघात आणि हिंसेने झालेले मृत्यू वाढलेले दिसतात, हे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पुढे आणलं. हे वाचताना, मैत्रिणींनो, आपल्याला आपलीच गोष्ट आठवते. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा का केला, हे या सभागृहात मी सांगायला नको.

त्या १९६६ मध्ये जन्मलेल्या एका मुलीचं लग्न १९९० मध्ये जपानच्या राजघराण्यात झालं. राजपुत्र अकिशिनो यांच्या त्या पत्नी, किको. ‘नवरा खाणारी’ वर्षातली सून राजवाड्याने करून घेतली. २०२६ हे पुन्हा अग्नि-अश्वाचं वर्ष. जपानमध्ये २०२४ मध्येच जन्म सात लाखांच्या खाली गेले होते. त्याची कारणं नोकरी, घरभाडं आणि बाईवर पडणारा मुलांचा भार ही आहेत, त्यात घोड्याचा काही हात नाही.

तारखा बदलण्यावरून माझ्या मावशीची आठवण झाली. ती मूळ नक्षत्रावरची, म्हणजे सासऱ्याला वाईट. आजोबांनी गुपचूप दुसरी पत्रिका करून घेतली, जन्मवेळ बदलून. लग्न झालं. सासरे ऐंशी पार करून गेले. पण मावशी मला एकदा म्हणाली, “ते आजारी पडले की मी रात्रभर जागी असायची. वाटायचं, माझ्यामुळेच.” पत्रिका खोटी होती हे तिला माहीत होतं, आणि भीती मात्र खरी होती. १९०६ च्या त्या जपानी मुली अशाच जागल्या असतील, असं मला वाटतं.

म्हणून केंद्रात अशी बाई आली तर तिला हसू नका. “कसल्या अंधश्रद्धा धरून बसलीस?” असं म्हटलं की ती उठून जाते आणि भीती घेऊनच जाते. आम्ही आता तीन प्रश्न विचारतो. हे वाचन कोणी मागवलं? त्याच अक्षरांचा पुरुषासाठी काय अर्थ लावलाय? आणि उपाय, खर्च, वाट पाहणं, हे कोणाच्या वाट्याला आलंय? एवढं विचारलं की बाई स्वतःच बोलू लागते.

आमची मुलगी त्या मुलाला एकटी जाऊन भेटली. तिने सरळ विचारलं. पुष्कळ वेळाने खरी गोष्ट बाहेर आली. लग्नानंतरही पगारातला काही भाग मी आईवडिलांना देणार, असं ती पहिल्या भेटीत म्हणाली होती. ते त्याच्या घरच्यांना खटकलं होतं. तोंडावर बोलायला संकोच वाटला, म्हणून उंदीर-घोड्याला बोलायला लावलं. ते लग्न झालं नाही. आई अजून हळहळते. मुलगीही काही दिवस रडली, ते मी लपवत नाही.

पण नंतर ती आमच्या एका गटचर्चेला आली. ते दोन्ही कागद तिने बरोबर आणले होते. तिने नावं झाकून दोन्ही वाचून दाखवले आणि बायकांना विचारलं, “ओळखा, बाईचा कोणता आणि पुरुषाचा कोणता?” सगळ्यांनी ओळखलं. एकही चुकली नाही.

तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत हा खेळ करून पाहा. पत्रिका चिनी असो की आपली. आणि काय झालं ते आम्हाला जरूर कळवा.