श्वास मोजता येतो, बालक वाचवता येते

(भुशी येथे बालआरोग्य या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



आषाढ लागला की भुशीच्या पायऱ्यांवरून पाणी कोसळू लागते. एके काळी आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी बांधलेले हे धरण आज पुण्या-मुंबईच्या पर्यटकांचे वर्षासहलीचे ठिकाण झाले आहे. पाहुण्यांसाठी हा पाऊस चार घटकांचा असतो. मावळातील गरिबाच्या घरी मात्र तो चार महिने मुक्कामाला येतो. भिंतींना ओल धरते, दुपटी वाळत नाहीत, दारे बंद राहतात आणि चुलीचा धूर त्याच खोलीत कोंडतो, जिथे दोन महिन्यांचे बालक निजलेले असते. श्वसनमार्गाच्या विषाणूंचे फावते ते याच दिवसांत.

या विषाणूंपैकी तान्ह्या बालकांना सर्वाधिक घातक ठरणारा विषाणू वैद्यकशास्त्रात ‘आर.एस.व्ही.’ या नावाने ओळखला जातो. १९५६ साली त्याचा शोध लागला. वयाची दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत जवळपास प्रत्येक बालकाला त्याचा संसर्ग होऊन जातो. मोठ्यांना तो साधे पडसे वाटतो. परंतु तान्ह्या बाळाच्या सूक्ष्म श्वासनलिका सुजतात, चिकट स्रावाने बुजतात आणि बाळ श्वासासाठी झुंजू लागते. २०१९ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालील सुमारे १ लाख १ हजार बालके या विषाणूमुळे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. अधिक विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, सुमारे तीन चतुर्थांश बालकांनी रुग्णालयाबाहेर प्राण सोडले. विषाणू श्रीमंताच्या आणि गरिबाच्या घरी सारखाच शिरतो. प्राणवायू मात्र दोघांच्या दारी सारखा पोहोचत नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. मेळघाटातील वनवासी गावांत डॉ. आशिष सातव आणि त्यांच्या ‘महान’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात बसून रुग्णांची वाट पाहिली नाही. त्यांनी पाड्यापाड्यांवर जाऊन घरी आजारी पडलेल्या, घरीच दगावलेल्या बालकांमध्येही या विषाणूचा शोध घेतला. ज्या मृत्यूंची नोंद केवळ ‘ताप आला, धाप लागली, गेले’ एवढीच झाली असती, त्यांमागचे कारण अशा कामामुळे उजेडात येते.

कारण कळले, उपाय कोणता? त्याचे उत्तर गडचिरोलीने फार पूर्वी दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ साली तेथील ५८ गावांत न्यूमोनियाविरुद्धचा प्रयोग सुरू केला. गावातीलच आरोग्यसेवक आणि सुईणी यांना बाळाचा श्वास मोजण्याचे व औषध देण्याचे शिक्षण देण्यात आले. ज्या सुईणींना अंक येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधे श्वासमापक बनविण्यात आले. मिनिटाची वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, की बाळ धोक्यात! १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांत दरहजारी १७.५ होते, तर प्रयोगाच्या गावांत ते ८.१ होते. निरक्षर म्हणून जिची उपेक्षा झाली, त्या सुईणीच्या हातांनी हे घडविले.

येथे एक शंका रास्त आहे. गडचिरोलीत दिलेले औषध प्रतिजैविक होते. ते जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. मग विषाणूच्या आजारात श्वास मोजून काय साधणार? साधते ते असे की, धाप कोणत्या जंतूची आहे हे दारात उभ्या असलेल्या आशा कार्यकर्तीला ओळखता येत नाही. परंतु बाळ धोक्यात आहे हे मात्र नक्की ओळखता येते. विषाणूच्या आजारात बाळाला तारतो तो प्राणवायू, पोटात जाणारे दूध आणि वेळेवर मिळणारी शुश्रूषा. श्वासाची मोजणी म्हणजे त्या मदतीसाठी मारलेली पहिली हाक होय.

ही मोजणी प्रत्येक मातेला, आजीला येऊ शकते. बाळ शांत असताना त्याच्या पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर घरी थांबू नये. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल, दूध ओढत नसेल, मलूल पडले असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसण्याइतकाही वेळ नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ग्रामीण भागात याला ‘डबा’ म्हणतात आणि काही ठिकाणी पोटावर डाग देतात. त्या डागाने धाप थांबत नाही. रुग्णालयात पोहोचण्याचा अमूल्य वेळ मात्र जळून जातो.

गर्भवतीला देण्याची या विषाणूवरील लस आणि नवजात बालकासाठीचे प्रतिपिंडाचे इंजेक्शन २०२३ पासून प्रगत देशांत वापरात आले. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यांची शिफारस केली. गरिबाच्या घरापर्यंत ती पोहोचावीत, हा आग्रह समाजाने धरलाच पाहिजे. तोपर्यंत सहा महिने निव्वळ स्तनपान, धूरमुक्त खोली, बाळाला घेण्यापूर्वी धुतलेले हात आणि सर्दी झालेल्या माणसाने बाळापासून राखलेले अंतर, हेच त्याचे कवच आहे.

पावसाळ्यात वाडीवरून रुग्णालयापर्यंतची वाट चिखलाची असते, हातात पैसा नसतो आणि रोजंदारी बुडण्याची धास्ती असते. म्हणून केवळ मातेला दोष देऊन कर्तव्य संपत नाही. प्रत्येक वाडीवर श्वास मोजू शकणारी दोन माणसे, रात्री-अपरात्री निघू शकणारे एक वाहन आणि त्या कुटुंबाची चूल पेटती ठेवणारा शेजार एवढे ज्या गावाने उभे केले, त्या गावाने आपली बालके राखली असे म्हणता येईल. भुशीचा पाऊस पाहायला हजारो लोक येतात. त्याच पावसात एखाद्या झोपडीत चाललेली धाप ऐकण्यासाठी मात्र गावातलाच कान हवा.