हातिमचे काय उरले?



हातिमताईचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्यात क्वचितच सापडेल. पण हा हातिम खरोखर होऊन गेला, हे पुष्कळांना माहीत नसते. सहाव्या शतकात, उत्तर अरबस्तानात, आज ज्याला हाइल म्हणतात त्या मुलखात, तय्य टोळीत तो होऊन गेला. तो कवी होता, सरदार होता. इस्लामच्या उदयापूर्वीच तो वारला.

दारी आलेला उपाशी जाऊ द्यायचा नाही, हीच त्याची ख्याती. शेख सादींनी १२५७ साली लिहिलेल्या ‘बोस्तां’त एक कथा आहे. पाहुण्यांना जेवू घालण्यासाठी हातिमने आपला नामांकित घोडा कापला. ते तो घोडाच मागायला आले होते, हे त्याला मागाहून कळले! सीरतचे ग्रंथ सांगतात, त्याची मुलगी सफ्फाना कैदी होऊन मदिनेत आली, तेव्हा तिच्या बापाच्या सखावतीचा मान राखून हजरत पैगंबरांनी (स.) तिला मुक्त केले. बापाने वाटलेली भाकरी मुलीच्या कामी आली.

पुढे कथाकारांनी त्याच्या नावाभोवती पऱ्या, देव आणि जादूचे डोंगर उभे केले. १८०१च्या सुमारास कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हैदरबख्श हैदरींनी ‘आराइशे महफिल’मध्ये ही कथा उर्दूत आणली. १९५६ साली मुंबईच्या होमी वाडियांनी हातिमवर चित्रपट काढला. काळ, देश, भाषा सारे बदलले. एक गोष्ट मात्र बदलली नाही. हुस्नबानूच्या सात प्रश्नांसाठी हातिम रानोमाळ भटकतो, तो स्वतःच्या लग्नासाठी नव्हे, मुनीर शामी या परक्या तरुणासाठी. हरिणीचा जीव वाचावा म्हणून तो लांडग्याला आपल्या अंगाचे मांस देतो. प्रसंग सारे कल्पित. स्वभाव तेवढा खरा.

पालकहो, मुले परीकथा वाचतात म्हणून त्यांच्यावर रागावू नका. चांगल्या माणसाची आठवण जपण्याची ती जुनी पेटी आहे. मात्र पेटीत ठेवण्याजोगे काही आपणच करून ठेवले पाहिजे. आपल्यामागे आपली मुले घराचे मजले मोजत बसणार नाहीत. शेजारच्या यतीम पोराची फी कोणी भरली, हे ती सांगतील.

विद्यार्थी मित्रांनो, हातिम होण्यासाठी श्रीमंती लागत नाही. आपले पुस्तक दुसऱ्याला वाचायला द्या, आपल्याला आलेले गणित त्याला शिकवा. सुरुवात तेथूनच होते.