मालकी एकाची, आस्वाद सर्वांचा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



ज्या समाजात भाकरीचा प्रश्न सुटलेला नाही, तेथे राफाएलची चित्रे हवीत कशाला, असा आक्षेप चळवळीत वारंवार घेतला जातो. आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु सौंदर्य ही धनिकांची मिरास आहे, हे धनिकांचेच म्हणणे त्यात नकळत मान्य केलेले असते. युरोपीय प्रबोधनकाळाचा इतिहास वेगळी साक्ष देतो.

राफाएलने 'स्कूल ऑफ अथेन्स' हे भित्तिचित्र १५०९ ते १५११ या काळात व्हॅटिकनमध्ये, पोप दुसरा ज्यूलिअस याच्या खाजगी दालनात रंगवले. प्लेटोचे बोट आकाशाकडे, ॲरिस्टॉटलचा तळहात भूमीकडे आणि पायऱ्यांवर बेफिकीरपणे पसरलेला डायोजेनिस! ज्ञानाच्या मुक्त सभेचे हे चित्र. पण ते पाहण्याची मुभा पोपच्या वर्तुळातील मंडळींना. १५५० साली जॉर्जो गीझी याने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरले आणि त्याचे छाप अँटवर्पमध्ये प्रसिद्ध झाले. भिंत जागेवरच राहिली, चित्र मात्र दालनाबाहेर पडले.

छापील चित्र म्हणजे केवळ मूळ कृतीची नक्कल, असेही नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूरर याने १४९८ मध्ये 'अपोकॅलिप्स' ही काष्ठठशांची मालिका स्वतःच प्रकाशित केली. त्याची पत्नी आग्नेस त्याचे छाप जत्राबाजारांत विकत असे. रंगचित्राला एक धनवान ग्राहक लागतो व त्याची मर्जी सांभाळावी लागते. ठसा कोरण्याचे श्रम एकदाच करावे लागतात. पुढे प्रत्येक प्रतीमागे कागद, शाई आणि छपाई एवढाच खर्च येतो. तो अनेकांत विभागला की किंमत उतरते आणि कलावंताची आश्रयदात्यावरील मदारही कमी होते. वेदीचित्र सांगणाऱ्या याकोब हेलर या व्यापाऱ्याला ड्यूररने १५०९ साली स्पष्ट कळवले, की आजवर कोरीवकामच केले असते तर आपण हजार फ्लोरिनांनी अधिक श्रीमंत असतो!

अर्थात, प्रतीच्या मर्यादा नाकारण्यात अर्थ नाही. 'मोनालिसा' जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच, तर 'स्कूल ऑफ अथेन्स' सात मीटरांहून अधिक रुंद. दिनदर्शिकेच्या पानावर दोन्ही सारखीच दिसतात. गीझीच्या छापावरील मजकुराने तर तत्त्वज्ञांच्या सभेला संत पॉलचे अथेन्समधील प्रवचन ठरवले. म्हणून प्रत स्वस्त असावी, पण तिच्यासोबत माहितीही असावी: चित्र कोणी काढले, कोणासाठी, कोणत्या साली, आणि मूळ आकार केवढा.

नोव्हेंबर २०१७ मध्ये लिओनार्दोच्या नावावरील 'साल्वातोर मुंदी' हे चित्र न्यू यॉर्कच्या लिलावात पंचेचाळीस कोटी डॉलरांना विकले गेले. २०१९ मध्ये पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाने लिओनार्दोचे भव्य प्रदर्शन भरवले, तेव्हा ते तेथे नव्हते. याउलट, त्याच २०१७ साली न्यू यॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने स्वामित्वहक्क संपलेल्या आपल्या संग्रहातील लाखो चित्रप्रतिमा सर्वांना विनामूल्य वापरण्यास खुल्या केल्या. एकाच शहरात, एकाच वर्षी, कलेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी समोर आल्या. यांपैकी समाजवाद्यांची दृष्टी कोणती, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा काम साधे आहे. प्रत्येक शाखेच्या वाचनालयात दरमहा एक चांगला छाप लावावा, त्याखाली चार ओळींची माहिती लिहावी आणि एका संध्याकाळी त्यावर चर्चा घडवावी. प्लेटो वर का दाखवतो, ॲरिस्टॉटल खाली का, असे एखाद्या गिरणी कामगाराने वा शेतमजूर स्त्रीने विचारले, तर त्या सभेत त्यांनाही जागा मिळाली, असे समजावे. भाकरीचा लढा त्यामुळे थांबणार नाही. माणूस म्हणून पूर्णतेने जगण्याच्या ज्या हक्कासाठी तो लढा आहे, त्याचाच हा एक भाग आहे.