उपचार संपल्यानंतरची वाट
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात उपचार पूर्ण झालेला एकोणीस वर्षांचा एक तरुण तपासणीसाठी आला होता. अहवाल निर्दोष होते. "आता काय करतोस?" असे मी विचारले. उत्तर आईने दिले, "काही नाही डॉक्टरसाहेब, आम्ही त्याला घराबाहेर पाठवतच नाही." मुलगा खाली मान घालून बसला होता. आजार गेला, तरी घरातली भीती गेलेली नव्हती.

आपल्या जिल्ह्याने या क्षेत्रात पूर्वीही पुढाकार घेतलेला आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९१ मध्ये, उपचार पूर्ण झालेल्या मुलांच्या दीर्घकालीन तपासणीसाठी स्वतंत्र चिकित्सालय उघडले. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने, बालपणी या रोगातून बरे झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गट उभा राहिला. अमेरिकेत 'फर्स्ट डिसेंट्स' ही संस्था २००१ पासून अशा तरुणांना नदीतील नौकानयन आणि प्रस्तरारोहणासाठी नेते. दोनदा कर्करोग झालेल्या शॉन स्वार्नर यांनी २००२ मध्ये एव्हरेस्ट सर केले.

आपल्याला एव्हरेस्ट नको, नळदुर्ग पुरेसा आहे. बोरी नदीकाठच्या त्या किल्ल्यात तटावरून चालावे, पाणीमहाल पाहावा, डबा एकत्र खावा, एवढाच आमचा संकल्प आहे.

येथे वैद्यकीय दक्षता अनिवार्य आहे. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे हृदयाचे स्नायू दुर्बल करू शकतात. म्हणून ती घेतलेल्यांची इको तपासणी आधी होईल. रक्तातील पेशी कमी असल्यास सहल पुढे ढकलली जाईल. कृत्रिम पाय बसविलेल्यांसाठी सोपी वाट निवडली जाईल. डॉक्टर व परिचारिका सोबत असतील. मात्र 'फक्त विश्रांती घ्या' हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार, आठवड्यातून तीनदा तीस मिनिटांचा मध्यम व्यायाम थकवा आणि चिंता कमी करण्यास साहाय्यभूत ठरतो.

देणगीदारांना विनंती, की औषधांसाठी आपण उदारपणे देता. त्यातील अल्प अंश या सहलीसाठी द्यावा. आणि पालकांना हात जोडून सांगतो, मुलाला एक दिवस आमच्याबरोबर पाठवा. संध्याकाळी त्याला सुखरूप घरी आणून सोडण्याची जबाबदारी आमची.