आरसा आणि अंतर

अंतर मोजायचं म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो शिंप्याचा टेप, नाही तर मोजणीदाराची साखळी. हल्ली हेच काम लेसरचा किरणही करतो. किरण सोडायचा, तो समोर आपटून परतू द्यायचा आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर काढायचं, हे त्यामागचं साधं तत्त्व. सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो. तेव्हा घड्याळ फार बारकाईचं हवं.

तुम्ही म्हणाल, मग समोर चकचकीत आरसा असला तर काम अधिकच सोपं! पण गंमत पाहा. चुन्याची भिंत खडबडीत. ती प्रकाश चहूकडे उधळते आणि त्यातला चिमूटभर यंत्राकडे परततो. आरसा मात्र शिस्तीचा. तो जरासा तिरपा असला की किरण भलतीकडेच निघून जातो आणि यंत्र वाट पाहत बसतं. किंवा तो किरण दुसऱ्याच भिंतीवर आपटून परततो आणि यंत्र तिचं अंतर आरशाचं म्हणून सांगून मोकळं होतं!

यावरची तोड मोठी सुरेख आहे. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन काटकोनात मिळतात ना, तसे तीन आरसे जोडायचे. त्यात शिरलेला किरण तिन्हींवर आपटून आल्या दिशेलाच माघारी जातो. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी असे काचेचे १०० कोपरे बसवलेली चौकट चंद्रावर ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला किरण तिथून सुमारे अडीच सेकंदांत परततो. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो, हे अशाच मोजणीतून कळलं.

आपल्या विक्रम लँडरवरही अमेरिकेच्या नासा संस्थेनं दिलेले असे ८ चिमुकले कोपरे आहेत. २३ ऑगस्ट २०२३ रोजी तो चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरला. सप्टेंबरात तिथे रात्र झाली, आणि त्यानंतर विक्रमनं हाकेला ओ दिली नाही. परंतु १२ डिसेंबरला चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानानं सुमारे १०० किलोमीटरांवरून लेसर सोडला आणि तो विक्रमवरून परत आला.

त्या कोपऱ्यांना ना वीज लागते, ना हुकूम. यंत्र थकलं तरी खूण शाबूत आहे. पुढं चंद्रावर जाणाऱ्यांना ती मैलाच्या दगडासारखी वाट दाखवू शकेल.