हा धरणीकंप कुणाचा?

श्रोतेहो, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास कोयनानगर हादरलं. रिश्टर मापाने ६.३ चा तो धक्का होता. सुमारे दोनशे माणसं दगावली, हजारो बेघर झाली. दख्खनच्या काळ्या कातळाला भूकंपाचं भय नाही, असा तोवरचा समज. मग हा धक्का निसर्गाचा, की चारपाच वर्षांपूर्वी तिथे अडवलेल्या पाण्याचा? भूकंपाच्या उगमाचा अभ्यास करून याचं उत्तर कसं शोधतात आणि ते कुठवर मिळतं, एवढंच आज सांगणार आहे.

जमिनीखाली सुरुंग उडाला तर आजूबाजूची जमीन चहूकडे बाहेर ढकलली जाते. त्यामुळे कोणत्याही दिशेच्या भूकंपमापक यंत्रावर पहिला हेलकावा बाहेरच्या दिशेचाच उमटतो. खाणीचं छत कोसळलं तर उलट. जमीन आत ओढली जाते.

खऱ्या भूकंपाची तऱ्हा वेगळी. दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबून धरा आणि एक पुढे, दुसरा मागे असा जोर लावा. काही वेळ हात हलणार नाहीत. मग एकदम निसटतील. खडकातल्या भेगेच्या, म्हणजे प्रस्तरभंगाच्या, दोन बाजू अशाच निसटतात. सरकणारी बाजू पुढचा खडक दाबते, मागचा ताणते. म्हणून भोवतालच्या प्रदेशाचे चार भाग पडतात: दोन भागांतल्या यंत्रांना पहिला धक्का बसतो, दोन भागांतल्या यंत्रांना हिसका. शिवाय सुरुंगाच्या मानाने आडव्या हेलकाव्यांच्या लाटाही अशा भूकंपात पुष्कळ जोरदार असतात.

३ सप्टेंबर २०१७ रोजी उत्तर कोरियाने डोंगराखाली अणुस्फोट केला. तोही ६.३ चाच! पण लाटांच्या घडणीवरून तो स्फोट आहे हे स्पष्ट झालं. सुमारे साडेआठ मिनिटांनी तिथूनच दुसरा, लहान धक्का आला. त्यात जमीन आत गेल्याची खूण होती. स्फोटाने पोखरलेला डोंगर खचला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग कोयनेचाही निकाल असाच लावा की! अडचण इथेच आहे. कोयनेला खडक भेगेवर आडवा सरकला, अगदी नैसर्गिक भूकंपात सरकतो तसा. कारण पाणी भूकंप घडवत नाही, तर सोडवतं. खडकात ताण आधीपासून साठलेला असतो. जलाशयाचा भार वरून पडतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा दाब भेगांतून खोल पोचतो. त्या दाबाने भेगेच्या दोन बाजूंची पकड ढिली होते आणि खडक निसटतो. बंदूक भरली निसर्गाने, चाप ओढला माणसाने. गोळी कशी सुटली हे लाटा सांगतात. चाप कुणी ओढला हे त्या सांगत नाहीत.

म्हणून संशोधक इतर पुरावे जोडतात. पाणी साठू लागल्यावर धक्के सुरू झाले का? ते जलाशयालगत आणि उथळ आहेत का? पाण्याच्या चढउताराबरोबर त्यांची संख्या कमीजास्त होते का? कोयनेत १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि लहान धक्के जाणवू लागले. पावसाळ्यात धरण भरल्यानंतर ते वाढतात, हे पुढे वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दिसलं. मोठ्या धक्क्याच्या आधी आणि नंतरही लहान धक्क्यांची लांबलचक रांग लागते. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा खुणा जगभरच्या जलाशयांशी ताडून पाहिल्या. आज कोयना हे जलाशयाने जागवलेल्या भूकंपाचं जगातलं ठळक उदाहरण मानलं जातं.

उलट, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात खडकाची एक बाजू दुसरीवर चढली. जवळच्या तेरणेच्या धरणावर काही अभ्यासकांनी संशय घेतला. पण बहुतेक जण तो भूकंप निसर्गाचाच मानतात. खडक कोणत्या दिशेने सरकला, एवढ्यावरून हा वाद मिटत नाही.

हा काथ्याकूट कशासाठी? चाप आपल्या हातात असेल तर जबाबदारीही आपली, म्हणून. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ साली साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सांडपाणी दाबून भरू लागले आणि धक्के सुरू झाले. १९६६ साली भरणं थांबवलं, तरी सर्वांत मोठे धक्के १९६७ सालीच बसले. खोल गेलेला दाब तोटी बंद केली म्हणून लगेच ओसरत नाही.

तेव्हा शहाणपण आधीच हवं. मोठं धरण भरण्याच्या कितीतरी आधी यंत्रं बसवावीत, म्हणजे पूर्वीची शांतता किंवा अशांतता कागदावर राहील. पाणी एकदम न चढवता बेताबेताने चढवावं. आणि खोऱ्यातली घरं धक्का सोसतील अशी बांधावीत. चाप कुणी ओढला याचा निवाडा सावकाश होईल. छप्पर मात्र त्याची वाट पाहत नाही.