फाईल परत आली, ते लपवू नका

दर वेळी आम्ही बचत, कर्ज, हप्ता यांवर बोलतो. आज एका अर्जातल्या एका प्रश्नावर बोलणार आहोत. प्रश्न कॅनडाच्या अर्जातला आहे, पण तो आमच्या गटाच्या मासिक सभेत कसा आला, ते आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक नर्स आहे. दोन वर्षं आखाती देशात नोकरी करून ती परत आली आणि तिनं कॅनडात कुशल कामगार म्हणून कायमचं राहण्यासाठी अर्ज केला. त्यासाठी ताईंनी गटातून चाळीस हजारांचं कर्ज घेतलं होतं. काही आठवड्यांनी अर्ज परत आला. कारण साधं होतं. गेल्या १० वर्षांत ज्या देशात सलग ६ महिने किंवा जास्त राहिलो, तिथल्या पोलिसांचा दाखला जोडावा लागतो. आखाती देशातला दाखला जोडायचा राहिला होता. सरकारी फी परत मिळाली. एजंटाला दिलेले पैसे मात्र गेले ते गेलेच.

आता लेकीला पुन्हा बोलावणं आलं. ते आल्यापासून ६० दिवसांत पूर्ण अर्ज भरावा लागतो. ताई दुसऱ्या कर्जासाठी सभेत आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "एजंट म्हणतो, मागचं काहीच लिहू नका. फाईल परत आली म्हणजे ती झालीच नाही. उगाच संशय येतो."

सभेत दोन तट पडले. एक जण म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. नवी सोयरीक जुळवताना जुनी मोडलेली कोण सांगत बसतं?" आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी तेव्हापर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पण ती मोडलेली सोयरीक ह्याच घरातली असेल तर? त्यांना काय माहीत नाही?"

मैत्रिणींनो, सगळं मावशींच्या त्या बोलण्यात आलं. फाईल ज्या खात्यानं परत पाठवली, तेच खातं नवी फाईल उघडणार आहे. जुन्या अर्जाची नोंद त्यांच्या संगणकात असते. बोटांचे ठसे दिले असतील, तर तेही त्यांच्याकडे असतात. मग लपवायचं कुणापासून?

आम्ही ताईंच्या लेकीला घेऊन बसलो आणि अर्ज ओळीनं वाचला. तेव्हा एक गोष्ट कळली. परत आलेला अर्ज आणि नाकारलेला अर्ज ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद अपुरे असले की अर्ज तपासायला घेतच नाहीत, तसाच परत करतात. तो नकार नव्हे. अर्ज तपासून 'तुम्ही पात्र नाही' असं कळवलं, तर तो नकार. म्हणून प्रश्न नीट वाचायचा. 'तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का?' असं विचारलं असेल, तर केवळ परत आलेल्या अर्जासाठी 'हो' म्हणायची गरज नाही. पण 'तुम्ही याआधी अर्ज केला होता का?' असं विचारलं असेल, तर उत्तर 'हो'च. सोबत एक छोटं पत्र जोडायचं. अर्ज कधी केला, त्याचा क्रमांक काय, तो का परत आला आणि या वेळी कोणता कागद जोडला आहे, एवढं चार ओळींत. रडगाणं नको आणि सफाईही नको.

काहींच्या घरी फार जुनी फाईलही असेल. कॅनडात २७ फेब्रुवारी २००८ पूर्वीचे कुशल कामगारांचे हजारो अर्ज पडून होते. २०१२ मध्ये कायदा करून त्यांतले निर्णय न झालेले अर्ज बंद केले आणि फी परत दिली. पुढे काही वर्षं अर्जांची संख्या ठरवून दिली होती. ती भरली की उरलेले अर्ज परत जायचे. हेही नकार नव्हेत. पण अर्ज केला होता हे खरंच आहे. विचारलं तर सांगायचं.

वाचताना आणखी एक गोष्ट निघाली आणि तिथं आम्ही सगळ्याच गप्प झालो. नकाराचा प्रश्न फक्त कॅनडापुरता नव्हता. 'कॅनडा किंवा इतर कोणताही देश' असं त्यात होतं. लेक हळूच म्हणाली, "चार वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला मावसबहिणीकडे जायचं होतं, तेव्हा व्हिसा मिळाला नव्हता." तो खरा नकार होता. एजंटानं तिथंही 'नाही' भरून ठेवलं होतं.

ह्या एका 'नाही'ची किंमत ऐका. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० म्हणतं की, महत्त्वाची माहिती खोटी दिली किंवा दडवली, तर ५ वर्षं त्या देशात प्रवेश नाही. त्या काळात कायमच्या वास्तव्यासाठी अर्जही करता येत नाही. २०१४ पूर्वी ही मुदत २ वर्षं होती. असा ठपका ठेवण्याआधी ते पत्र पाठवून खुलासा मागतात. पण 'एजंटानं भरलं, मला ठाऊक नव्हतं' हा खुलासा सहसा टिकत नाही. कारण अर्ज लेकीच्या नावाचा आणि जबाबदारीही तिचीच. पर्यटक व्हिसाच्या जुन्या नकारामुळे नर्सची पात्रता जात नाही. तो दडवल्यानं मात्र सगळंच जाऊ शकतं.

एजंटाबद्दलही सांगतो. कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार तिथले वकील, क्युबेक प्रांतातले नोटरी आणि तिथल्या सल्लागारांच्या कॉलेजचा परवाना असलेले सल्लागार यांच्यासारख्या अधिकृत लोकांनाच आहे. परवानाधारकांची यादी त्या कॉलेजच्या वेबसाइटवर बघता येते. मदत कोण करतंय, हे अर्जातही लिहावं लागतं. जो म्हणतो 'माझं नाव कुठं घालू नका', त्याच्या हाती लेकीचा पासवर्ड देऊ नका.

शेवटी ताईंचं कर्ज आम्ही मंजूर केलं. प्रोसिडिंगच्या वहीत एक अट लिहिली. अर्ज लेकीनं स्वतः भरायचा आणि पाठवण्याआधी प्रत्येक उत्तर आईला मराठीत वाचून दाखवायचं. तिनं तसंच केलं. परत आलेली फाईल लिहिली, ऑस्ट्रेलियाचा नकारही लिहिला. अर्ज ५२व्या दिवशी गेला. अजून निकाल नाही. खरं लिहिलं म्हणून व्हिसा मिळेलच, असं आम्ही सांगणार नाही. पण ताई म्हणतात, आता फोन वाजला की छातीत धडधडत नाही.

आपल्या गटात कुणी दुसरीकडचं कर्ज लपवलं, तर बँकेत ते निघतंच, हे आपण पाहिलंय. ज्या बाईनं आधीच सांगितलं, तिच्यासाठी आपण मार्ग काढला आहे. तेव्हा ज्यांच्या घरी पुन्हा अर्ज भरणं चालू आहे, त्यांनी आज संध्याकाळी जुनी फाईल माळ्यावरून काढा. अर्जाची तारीख, क्रमांक आणि परत आल्याचं पत्र एका पिशवीत ठेवा. मग पोरांना जवळ बसवून विचारा, "अजून कुठं अर्ज केला होतास का रे?" रागावू नका, फक्त विचारा.

पुढच्या बुधवारी पुन्हा भेटू.